धुंधुरमासांतील एक सकाळ

नाताळची सुटी लागली म्हणजे नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस विखुरलेलीं माणसें जुन्नर-आंबेगांवाकडील आपापल्या घरीं जमूं लागतात. त्या चार दिवसांतील सकाळ कशी घालवावी, असें एका वाचक भगिनीनें आम्हांस विचारलें आहे. "कोणी सातला उठतो, कोणी नऊला, प्रत्येकाचा चहा निराळा, आणि मी मात्र दहा वाजेपर्यंत गॅसपुढें," असें त्या लिहितात. पाश्चात्त्य कुटुंबांत नाताळच्या सकाळीं सर्व मंडळी एकत्र बसून आनंद करतात, तशी एखादी चाल आपल्यांत नाहीं, ही त्यांची खंत.

चाल नाहीं, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. ती आहे, आपण ती विसरत चाललों आहों, इतकेंच. नाताळची सुटी नेमकी धनुर्मासांत येते. सूर्य धनु राशींत असतो तो हा महिना हल्लीं १६ डिसेंबरच्या सुमारास लागतो आणि भोगीस संपतो. या काळांत निदान एक दिवस सूर्योदयाबरोबर देवास नैवेद्य दाखवून सर्व घरानें एकत्र जेवावें, अशी आपली जुनी रीत. बोलतां बोलतां धनुर्मासाचा धुंधुरमास झाला. तामिळ प्रांतांत याच महिन्यास मार्गळी म्हणतात व तेथें पहांटे आंडाळचीं तीस पद्यें गातात. तेव्हां ही पहांट एकट्या महाराष्ट्राचीच आहे असें नव्हे.

इतक्या सकाळीं जेवण कसें जाईल, असें कोणी म्हणेल. वाग्भटानें 'अष्टांगहृदयां'तील ऋतुचर्येच्या अध्यायांत त्याचें उत्तर देऊन ठेवलें आहे. हेमंतांत जठराग्नि प्रबळ असतो आणि रात्री लांब असल्यामुळें माणसास पहांटेसच भूक लागते, असें तो सांगतो. शिवाय आपल्याकडे या दिवसांत सूर्य उगवतो तोच सातच्या पुढें. २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस वाढूं लागला, तरी सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत मागें मागेंच सरकत असतो. म्हणजे फार लवकर उठण्याची शिक्षाहि नाहीं.

या जेवणाचें पान आमच्या प्रांतास विशेष शोभतें. जुन्नर काय किंवा आंबेगांव काय, दोन्ही तालुक्यांचा पश्चिमेचा भाग सह्याद्रीचा, भरपूर पावसाचा आणि भाताचा. पूर्वेचा भाग कमी पावसाचा आणि बाजरीचा. धुंधुरमासाच्या पानांत मुगाच्या डाळीची खिचडी पश्चिमेकडून येते आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी पूर्वेकडून. भाकरीवर लोण्याचा गोळा, शेजारीं वांग्याचें भरीत, कढी, गूळ, आणि पावटा, हरभरा, गाजर, वांगीं, बोरें यांची मिसळीची भाजी. तिळांत जवळजवळ निम्में तेलच असतें. थंडींत अंग कोरडें पडतें तेव्हां तें उपयोगी पडतें. खिचडीस दोन वाट्या तांदुळाला एक वाटी डाळ, आलें, मिरीं आणि हात न आंखडतां तूप. बाजरीचें पीठ मात्र आदल्या दिवशींच दळून आणावें. शिळें झालें कीं तें कडवट लागतें आणि सगळ्या बेतावर पाणी पडतें.

आतां आमच्या घरची गोष्ट सांगणें प्राप्त आहे, कारण ही चाल आमच्याच हातून मोडण्याच्या बेतास आली होती. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं उत्साहाच्या भरांत शेजारचीं व आप्तांचीं मिळून बावीस पानें सांगितलीं. सात वाजतां पंक्ति बसली. खिचडीची स्तुति झाली, लोण्याची झाली, पूर्वजांच्या शहाणपणाची तर फारच झाली. साडेनऊच्या सुमारास आम्ही पाणी मागावयास स्वयंपाकघरांत गेलों, तों थोरल्या वहिनी पातेल्याची खरपूड खरवडीत बसल्या होत्या. त्या तीन वाजतां उठलेल्या. भाकरी एकहि उरली नव्हती. त्या रागावल्या नाहींत, शांतपणें म्हणाल्या, "भावोजी, पुढच्या धुंधुरमासाला मी माहेरीं जाईन म्हणतें." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पाणी न मागतांच परत आलों.

पुढल्या वर्षीं आम्हीं बेत बदलला. पानें घरचींच. दिवस एकच, तोहि सुटीचा. भाजी निवडणें, पावटे सोलणें, ताक घुसळून लोणी काढणें हीं सर्व कामें आदल्या रात्रीं माजघरांत, आणि तीं पुरुषांनीं व मुलांनीं करावयाचीं. भाकऱ्या थापण्यास आम्ही स्वतः बसलों. पहिल्या भाकरीचा आकार पाहून पुतण्यानें तो कोणत्या देशाचा नकाशा आहे असें विचारलें. परंतु चौथी भाकरी फुगली, हें नमूद केलें पाहिजे. वहिनींनीं पहिल्या पंक्तींत बसावयाचें, हा नियम. पहिल्या वर्षीं त्या तीनदां उठल्या आणि तीनदां त्यांस परत बसविलें.

शांततेसाठीं दोन गोष्टी केल्या. सर्वांचे मोबाइल रात्रींच एका डब्यांत ठेवावयाचे, ते जेवण आटोपल्यावर काढावयाचे. आणि उठल्यापासून नैवेद्यापर्यंत कोणीं कोणास मोठ्यानें हाक मारावयाची नाहीं; काम असेल तर जवळ जाऊन सांगावें. या दुसऱ्या नियमानें घरांत जो फरक पडला, तो आम्हांस अपेक्षित नव्हता. भाकरी थापल्याचा आवाज देवघरांत ऐकूं येऊं लागला.

नैवेद्याची वेळ घड्याळावर ठरवीत नाहीं. जुन्नराच्या पश्चिमेस शिवनेरी आहे. गांवांत सांवली असतांनाच त्याच्या कड्यावर पहिलें ऊन पडतें. घरांतील सर्वांत लहान मुलास शाल पांघरवून गच्चीवर उभें करावयाचें. तें धांवत खालीं येऊन "ऊन आलें" असें सांगतें आणि मग नैवेद्य. मोठ्यानें बोलण्याची परवानगी त्या एकट्यासच. ज्यांच्या गांवीं शिवनेरी नाहीं, त्यांनीं आपली एखादी टेकडी निवडावी. मूळ आंबेगांव डिंभें धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तेथून उठलेल्या घरांस अंगणें व देवळें मागें सोडावीं लागलीं, परंतु या चालीस लागतो तो सूर्योदय नवीन जागींहि मिळतो.

कांहीं घरांत हें जेवण शेतावर नेण्याची हौस असते. तीबद्दल आमचा स्पष्ट विरोध आहे. उसाच्या फडांत बिबटे राहतात, तेथेंच पिलें घालतात. जुन्नरजवळ माणिकडोह येथें त्यांच्यासाठीं निवारा केंद्र काढावें लागलें आहे. अंधारांत मुलांना घेऊन बांधावरून जाणें हें धाडस नव्हे, अविचार आहे. फिरावयाचेंच असेल तर ऊन चांगलें वर आल्यावर लेण्याद्रीस जावें. तीनशेंच्या आसपास पायऱ्या आहेत. लोण्याचा हिशेब तेथें चुकता होतो.

वहिनी माहेरीं गेल्या नाहींत. गेल्या खेपेस त्यांनीं आमच्या हातची दुसरी भाकरी मागून घेतली आणि कडा जाड राहिल्याचें सांगितलें. पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आमची एवढीच विनंती, कीं हें सदर त्यांनीं रात्रीं सर्वांदेखत वाचावें, आणि बाजरी दळून आणण्यास कोण जाणार, तें त्याच बैठकींत ठरवून घ्यावें.