पुढचा ‘यूडी’ कधी?

‘यूडी’ म्हणजे अपडेट. ऑनलाइन तमिळ कादंबऱ्या वाचणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द पक्का बसलाय. कथेचा नवा भाग म्हणजे यूडी, आणि लेखिका चार दिवस गायब झाली की यूडीसाठी तगादा सुरू. आधी अख्खी कादंबरी लिहा, मग छापा, ही भानगडच नाही. आज रात्री एक भाग, परवा दुसरा. मधल्या वेळात वाचकांच्या फर्माइशी: तिने त्याला इतक्यात माफ करू नये, सासूला एकदा सुनवाच, त्या मित्राला मात्र मारू नका.

हप्त्याहप्त्याने वाचायची सवय तमिळ वाचकाला जुनीच आहे. मणिरत्नमच्या सिनेमांमुळे आपल्याला माहीत झालेली ‘पोन्नियिन सेल्वन’ 1950 ते 1954 या काळात ‘कल्की’ साप्ताहिकात क्रमशः येत होती. पुढे बसस्टँडवर आणि टपरीवर मिळणाऱ्या स्वस्त पॉकेट नॉव्हेल्सचा जमाना आला. कोइम्बतूरच्या राजेश कुमार यांच्या नावावर दीड हजारांहून जास्त कादंबऱ्या आहेत! (आपले बाबूराव अर्नाळकर आठवतातच.) रमणीचंद्रन यांच्या प्रेमकथांचा वाचकवर्गही असाच प्रचंड.

मग मोबाइलवर आल्याने बदललं काय? माझ्या मते, मधला संपादक गेला. कथा किती ताणायची, काय छापायचं नाही, हे तो ठरवायचा. आता त्याच्या खुर्चीत वाचक बसलाय. यात फायदा उघड आहे. एरवी प्रकाशकाचं दार ठोठवायची सोय नसलेल्या कितीतरी बायका घरकाम, नोकरी सांभाळून मोबाइलवर लिहितायत. ‘प्रतिलिपी’सारख्या ॲपवर वाचक कॉइन्स खर्च करून पुढचा भाग उघडतात, त्यातून लेखिकेला पैसे मिळतात. ‘टाइमपास लिखाण’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी हे बघावं.

पण संपादक गेल्यावर ‘अँटी-हिरो’ला अडवणारंही कुणी उरलं नाही. या प्रेमकथांमधला हा एक भलताच पॉप्युलर प्रकार. नायक श्रीमंत, रागीट. कुठल्यातरी जुन्या सूडापायी तो नायिकेशी जबरदस्तीने लग्न करतो, तिला छळतो, कधीकधी बलात्कारही करतो. मग शेकडो पानांनंतर त्याला पश्चात्ताप होतो आणि ती त्याला स्वीकारते. हे बायकाच लिहितात, बायकाच वाचतात. म्हणजे त्यांना हे मान्य आहे? इतकं सोपं नाही ते. अमेरिकेतल्या रोमान्स वाचणाऱ्या बायकांवर जॅनिस रॅडवे यांनी 1984 मध्ये लिहिलेलं पुस्तक आम्हा मास कॉमवाल्यांना भेटतंच. वाचनाचा वेळ हा त्या बायकांचा स्वतःचा वेळ होता, आणि क्रूर नायक शेवटी हळवा होतो यात त्यांना दिलासा मिळायचा, असं त्या सांगतात. तमिळ अँटी-हिरोलाही हे बऱ्यापैकी लागू पडतं. आयुष्यात न झुकणारा पुरुष निदान शेवटच्या यूडीत तरी झुकतो.

तरीही मला हे खटकतं. 2024 मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नवऱ्याने सज्ञान बायकोवर केलेली जबरदस्ती बलात्कारात मोजली जात नाही. कायदा ज्याला गुन्हा म्हणत नाही, त्याला कथा प्रेम म्हणायला लागली, तर सोळा-सतरा वर्षांच्या वाचक मुलीने ‘नाही’ म्हणायचं शिकायचं कुठून? बंदी हा उपाय नाहीच. पण साप्ताहिकातल्या लेखिकेला ‘हे बदल’ म्हणणारं कुणीतरी असायचं. इथे ते काम वाचकांनीच करायला हवं, आणि फर्माइशी करायची ताकद त्यांच्याकडे आहेच की.

पैशाचं गणितही कथेला वळण लावतं. ‘किंडल अनलिमिटेड’वर वाचल्या गेलेल्या पानांनुसार पैसे मिळतात, म्हणजे कथा लांबवण्यात फायदा. शिवाय तिथे पुस्तक टाकायचं तर ते डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. म्हणून मग कादंबरी संपली की थोडेच दिवस वाचायला ठेवतात आणि सगळे भाग काढून टाकतात. ज्यांचं वाचायचं राहिलं ते टेलिग्रामवर चोरीची पीडीएफ शोधतात. त्यात लेखिकेला एक पैसा मिळत नाही.

छापील तमिळ पल्पमधल्या निवडक कथांचा इंग्रजी अनुवाद चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ने 2008 मध्ये काढला, कारण ती जुनी पुस्तकं कुठे ना कुठे शिल्लक होती. आजच्या यूडींचं तसं संकलन करायला उद्या कुणी बसलंच, तर पहिल्यांदा हाती लागतील त्या या चोरीच्याच पीडीएफ. आणि त्यातही वाचकांच्या फर्माइशी नसतील.