साध्या खोक्यामागचा कायदा

अमेरिकेत प्रौढांसाठीच्या चित्रफिती टपालाने विकणारे व्यापारी ग्राहकाला हमखास एक आश्वासन देत : खोके साधे असेल आणि त्यावरून आतल्या मालाचा सुगावा कोणाला लागणार नाही. वरकरणी ही केवळ व्यापारी सोय. मात्र, या साध्या खोक्याभोवती दीडशे वर्षांचा कायदेशीर संघर्ष आहे.

१८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने अश्लील साहित्याबरोबर गर्भनिरोधकेही टपालाने पाठवण्यास बंदी घातली. १८७८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बंद टपाल वॉरंटशिवाय उघडता येणार नाही, असा निर्वाळा दिला. पुढे १९६९ मध्ये अश्लील साहित्य घरात बाळगणे हा गुन्हा नसल्याचे याच न्यायालयाने सांगितले. १९७१ मध्ये मात्र ते टपालाने पाठवण्याचा हक्क नाकारला. म्हणजे वस्तू घरात असण्यास हरकत नाही, ती घरी पोहोचवणे मात्र गुन्हा! १९७३ मध्ये अश्लीलतेचा निकष स्थानिक समाजाच्या मापदंडाशी जोडला गेला आणि पार्सल कोणत्या गावी जाते, याला महत्त्व आले.

त्याची झळ 'अॅडम अँड ईव्ह' या कंपनीला बसली. टपालाने निरोध विकण्यापासून सुरुवात केलेल्या या कंपनीच्या नॉर्थ कॅरोलिनातील कार्यालयावर १९८६ मध्ये छापा पडला. १९८७ मध्ये ज्यूरीने तिला निर्दोष ठरवले. तरीही केंद्रीय वकिलांनी अनेक राज्यांत एकाच वेळी खटले भरण्याचा धाक घातला. १९९० मध्ये न्यायालयाने त्यास अंतरिम मनाई केली. संस्थापक फिलिप हार्वे यांनी या धंद्याच्या नफ्यातून कुटुंबनियोजनाचे काम करणारी 'डीकेटी इंटरनॅशनल' उभी केली. तिचे नाव दीप त्यागी या भारतीय अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ आहे.

येथे दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागेल. न मागवता आलेल्या लैंगिक जाहिरातीच्या पाकिटावर तसा स्पष्ट उल्लेख हवा, असा अमेरिकी टपाल नियम आहे. मागवलेल्या मालाला तो लागू नाही. यातील तत्त्व संमतीचे आहे, आणि ते रास्त आहे.

इंटरनेटमुळे चित्रफितींचा टपाली व्यापार ओसरला. कॉमस्टॉक कायद्यातून गर्भनिरोधके १९७१ मध्ये वगळली गेली, पण तो कायदा रद्द झालेला नाही. २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क संपुष्टात आल्यानंतर टपालाने जाणाऱ्या गोळ्यांच्या निमित्ताने तो पुन्हा वादात सापडला. साधे वेष्टन शेजाऱ्याची नजर चुकवू शकते. सरकारच्या हेतूपासून संरक्षण द्यायला कायदाच लागतो.