फक्त प्रार्थनेसाठी सांगते...

"हे फक्त प्रार्थनेसाठी सांगते बरं का, बाहेर बोलू नका!"

आमच्या चर्चच्या महिला मंडळात हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकतेय. खरं सांगायचं तर स्वतःही बोलत आलेय. ऐकायला किती चांगलं वाटतं, नाही? पण याच वाक्याने एका पोरीचं काय झालं, ते सांगते.

शुक्रवारची घरप्रार्थना होती. मंडळीत नव्याने आलेली एक सून पहिल्यांदाच मन मोकळं करून बोलली. नवऱ्याचं पिणं वाढलंय, मंगळसूत्र सोनाराकडे गहाण पडलंय. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, दोघीतिघी तर रडल्यासुद्धा. घरी आल्यावर मी ही गोष्ट फक्त माझ्या जावेला सांगितली. तीही प्रार्थनेसाठीच हं! तिने आणखी एकीला सांगितली. रविवारी उपासना सुटल्यावर पायरीवर चपला घालता घालता कुणीतरी त्या पोरीच्या सासूलाच विचारलं, "मंगळसूत्र सुटलं का हो?"

त्या दिवशी घरी काय महाभारत झालं असेल, ते तुम्हीच समजून घ्या. पोरगी चर्चला यायची बंद झाली.

मी मंडळाची खजिनदार. निम्मी स्तोत्रं तोंडपाठ, उपासना सहसा चुकत नाही. नव्या बायका मला 'विश्वासात मुरलेली' म्हणायच्या. मनात आलं, लोणचंसुद्धा बरणीत वर्षानुवर्षं राहतं, पण मीठ कमी पडलं असेल तर ते मुरत नाही, नासतं.

आमच्याकडे आध्यात्मिक वाढ मोजायची माप चुकलीत, असं माझं स्पष्ट मत आहे. किती वर्षं येता, किती वचनं पाठ, किती लांब प्रार्थना करता, यावर आपण माणूस तोलतो. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र काढून बघा. त्या मंडळीत वरदानं भरपूर होती, वक्ते होते. तरी तो त्यांना दूधपिती बाळं म्हणतो. कारण काय देतो? तुमच्यात हेवा आणि भांडणं आहेत. गलतीकरांच्या पत्रात तो आत्म्याचं फळ सांगतो, त्यात प्रीती आहे, सहनशीलता आहे, सौम्यता आहे, आत्मसंयम आहे. हजेरी कुठेच नाही!

आणि ही वाढ एका रात्रीत होत नाही. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा ना. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्या भांडल्या, रडल्या, सोवळं सांभाळत राहिल्या, आणि हळूहळू आतून बदलल्या. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी आपले हट्ट आणि फजित्या लपवल्या नाहीत, हसत हसत सांगितल्या. मला तर हीच परिपक्वता वाटते. आपण मात्र साक्ष द्यायला उभ्या राहिलो की फक्त जिंकलेल्याच गोष्टी सांगतो.

तीन आठवडे मी टाळाटाळ केली. शेवटी एका दुपारी तिच्या घरी गेले. "सलाम," म्हटलं. ती दारातच उभी राहिली. मी म्हणाले, "तुझी गोष्ट माझ्या तोंडून बाहेर गेली. चुकलं माझं." प्रार्थनेसाठी सांगितली होती, वगैरे काही बोलले नाही. वयाने वीस वर्षांनी लहान पोरीपुढे असं बोलताना जीभ किती जड होते, ते तेव्हा कळलं. ती एवढंच म्हणाली, "काकू, मी तुमच्यावरच विश्वास ठेवून बोलले होते."

ती आता अधूनमधून उपासनेला येते. महिला मंडळात मात्र अजून येत नाही. ते मला सोसायलाच हवं.

आमच्या मंडळात आम्ही दोन गोष्टी ठरवल्यात. जिची गोष्ट, तिला विचारल्याशिवाय तिचं नाव प्रार्थनेत घ्यायचं नाही. आणि जिच्यासाठी प्रार्थना केली, तिच्यासाठी हाताने काय करता येईल तेही त्याच दिवशी ठरवायचं. कुणाच्या पोराची फी असेल, कुणाला दवाखान्यात सोबत हवी असेल. देवाला सांगून झालं की आपली सुटका झाली, असं नाही.

मैत्रिणींनो, तुमचं भजनी मंडळ असेल, भिशी असेल नाहीतर बचत गट. "कुणाला सांगू नकोस हं" हे वाक्य सगळीकडे सारखंच. पुढच्या वेळी ते ओठावर आलं, की आधी त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. मीही आणते. अजून दर वेळी जमतंच असं नाही, पण जीभ आता थोडी अडखळते, हे खरं.