नांगर टाका, साखळी सोडा

अँकर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? रिअ‍ॅलिटी शोमधली बडबडी मुलगी? भिंतीवरचं इलेक्ट्रिकचं बटण? की ऑफिसातल्या कुणाच्या तरी मनगटावरचा कूल टॅटू? जहाजाचा खराखुरा लोखंडी नांगर आठवणारे फार थोडे. आम्हा पनवेलकरांना तरी तो आठवायला हवा. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीनं खाडीतून पनवेल बंदरात उतरायचा आणि इथून घाटाची वाट धरायचा. १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाल्यावर तर हाच राजमार्ग. म्हणजे आमचं गाव मुळात नांगर टाकायचं ठिकाण!

माझा शाळेतला एक मित्र मर्चंट नेव्हीत आहे. त्या टॅटूतल्या चित्राचा एकेक भाग त्यानं मला समजावला. मधला उभा दांडा म्हणजे शँक. त्याच्या वरच्या टोकाला कडी, तिच्यात साखळी. खाली दोन वळलेले बाहू आणि त्यांच्या टोकांना पंजे, म्हणजे फ्लूक. बाहू जिथे शँकला मिळतात तो क्राउन. मुकुट, पण तळाशी! कडीजवळचा आडवा दांडा म्हणजे स्टॉक. तो बाहूंशी काटकोनात असतो. ओढ बसली की स्टॉक नांगराला कलता करतो आणि एक पंजा तळात घुसतो. आजच्या मोठ्या जहाजांच्या नांगराला स्टॉक नसतो, टॅटूवर मात्र तो हटकून असतो.

आपल्याला वाटतं, जहाज नांगराच्या वजनानं थांबतं. नाही, बॉस. ते थांबतं पंज्याच्या पकडीनं आणि साखळीच्या सैलपणानं. पाण्याच्या खोलीच्या साधारण पाच ते सात पट साखळी सोडतात. तिचा बराच भाग तळावर पडून राहतो, त्यामुळे नांगराला ओढ आडवी बसते आणि पंजा आणखी रुततो. साखळी आखूड असेल तर ओढ वर बसते आणि नांगर उखडतो. म्हणून हवा बिघडली की साखळी आवळत नाहीत, आणखी सोडतात! आणि जहाज? ते वाऱ्याबरोबर नांगराभोवती मजेत फिरत असतं.

मराठीत शेतही नांगरतात आणि जहाजही. दोन्हीकडे काम एकच, टोक जमिनीत घुसवायचं. गंमत म्हणजे १९३३ मध्ये जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं चक्क शेतातल्या नांगराच्या फाळासारखा बोटीचा नांगर बनवला. आपल्या भाषेला हे नातं आधीच ठाऊक होतं.

या नांगराला माणसांनी अर्थही केवढे चिकटवलेत! रोममधल्या भुयारी दफनभूमींत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी तो कोरला, आशेची खूण म्हणून. २ सप्टेंबर २०२२ ला आपल्या नौदलाला नवा ध्वज मिळाला. त्यावरचा अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलाय आणि आत अशोकस्तंभाची सिंहमुद्रा उभी आहे ती नांगरावर.

आपल्या घरात मात्र नांगराचा अर्थ एकच. सेटल होणं. गेल्या महिन्यात मला पनवेलमधल्या वन बीएचकेचा ताबा मिळाला. सोबत वीस वर्षांचा ईएमआय. आणि त्याच आठवड्यात बेंगळुरूची ऑफर आली. आईचं म्हणणं, आता घर झालं ना, मग बस एका जागी. मित्रांचं म्हणणं, फ्लॅट घेऊन पायात बेडी घातलीस. मला दोघांचंही पटेना. दोघांनाही नांगर म्हणजे नुसतं वजन वाटत होतं. मला इथे पकड हवीच आहे. आई आहे, गल्ली आहे, आता स्वतःचं दारही आहे. पण म्हणून साखळी आखडून घ्यायची, तर पहिल्याच वाऱ्याला सगळं उखडणार. नोकरी बिघडली तर ईएमआय तरी कुठून भरणार?

ऑफर घेतली. पुढच्या सोमवारी निघतेय. चाव्या आईकडे राहतील. महिन्यातून एकदा तरी ये, असं तिनं बजावलंय. येणारच. साखळी तेवढी लांब घेतलीय.