घिसाडघाई कुणाची?

मंडळी, आमच्या घरच्या पोराबाळांना सध्या लाकडी चमचे कोरायचं वेड लागलंय. वेड चांगलं आहे. माझी तक्रार चाकूबद्दल आहे. पुण्याचा पुतण्या इंटरनेटवरून 'हँडमेड' असा शिक्का मारलेला चाकू साडेचार हजारांना मागवतो. तोच इथे शिरड शहापूरला आला की घिसाड्याच्या पालापुढे उभा राहून दोनशेची सुरी शंभराला मागतो. वर मला ऐकवतो, "काका, यांचा माल कच्चा असतो. सगळी घिसाडघाई!"

ही घाई कुणाची, ते एकदा पाहूच.

हळदीचे पाले कापायचे दिवस जवळ आले की गावाकडेला घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरतं. पुरुष सांडशीत लोखंड धरून लहान हातोड्याने जागा दाखवतो, आणि बाई घण घालते. अंगावर लेकरू असलं तरी घालते. लोखंडाचा लाल रंग उतरायच्या आत घाव पडले पाहिजेत, नाहीतर पुन्हा भात्यापुढे जावं लागतं. याला घाई म्हणणाऱ्याने एकदा घण उचलून बघावा.

खरी घाई होते ती पाणी देताना, आणि ती गिऱ्हाईक करतं.

ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं पोलाद घ्या. त्यात कार्बन साधारण ०.६ टक्के असतो, म्हणून ते तापवून विझवलं की कडक होतं. बांधकामाच्या साध्या पट्टीत कार्बन फारच कमी, तिला कितीही पाणी द्या, धार टिकायची नाही. पण पाट्याचं पोलाद नुसतं विझवून भागत नाही. विझवल्यावर ते काचेसारखं ठिसूळ होतं. मग पातं घासून चकचकीत करायचं आणि मंद आचेवर पुन्हा हळूहळू तापवायचं. त्यावर वाळल्या कडब्यासारखा पिवळसर रंग चढला की थांबायचं. हा रंग साधारण २२० ते २३० अंशांना येतो. निळा झाला तर पातं कमानीसारखं लवचिक होईल, पण कोरायला मऊ पडेल.

ही दुसरी आच वेळ खाते. आणि आपण समोर उभे राहून म्हणतो, "आटपा लवकर, गाडी जाईल." शंभर रुपयांत, दहा मिनिटांत, तो दुसरी आच का देईल? तो काय देतो ते मग आपण घरी नेतो आणि नाव त्याच्या जातीचं ठेवतो.

'हँडमेड' या शब्दाने भुलणाऱ्यांनाही सांगतो, हाताने केलं म्हणजे चांगलंच असं नाही. स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू कारखान्यात होतात, आणि चमचे कोरणारे जगभर ते वापरतात, कारण त्यांचं पाणी नीट असतं. चाकू पाण्यावरून घ्यावा, शिक्क्यावरून नव्हे. चकाकीवरून तर मुळीच नव्हे. स्वयंपाकघरातली पातळ स्टीलची सुरी टोमॅटोला छान. लाकडाच्या गाठीवर जोर दिला की वाकते आणि बोटाकडे वळते.

परीक्षा सोपी आहे. धारेजवळ कानस फिरवा. ती लोण्यासारखी चावली तर पोलाद मऊ. मग बाभळीच्या वाळक्या गाठीवर चार काप घ्या आणि धार उजेडात धरा. मुडपली असेल तर पाणी कमी पडलं, कपची उडाली असेल तर दुसरी आच चुकवली. दोन्ही दोष दुरुस्त होतात, फक्त करणारा माणूस समोर पाहिजे. साडेचार हजारांच्या चाकूचा करणारा तुम्हाला कुठे भेटणार?

(कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुलांच्या हाती क्रेप कागदाची फुलं दिली. फिनलंडने १८६६ मध्येच गावोगावच्या शाळांत हस्तव्यवसाय आणला, आणि गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला तेच मांडलं. ज्या मुलाने हत्यार धरलेलंच नाही, त्याला पाणी काय कळणार? असो.)

चाटूची बाहेरची बाजू सरळ, तीन इंची, जाड पाठीच्या पात्याने होते. वाटी खोल करायला आकड्यासारखं वाकडं पातं लागतं, आणि ते घिसाड्याला नवं नाही. विळ्याचा वाक त्याच्या हातात आहेच, फक्त लहान करायचा. लाकूड ओलं घ्यावं, वाळलं की निम्मी मेहनत वाया जाते.

यंदा बिऱ्हाड आलं की मी दोन सरळ आणि एक वाकडं पातं सांगणार आहे. पाचशेप्रमाणे, पैसे आधी, आणि माल तिसऱ्या दिवशी. पुतण्याने आपलं पातं हवं असेल तर मूठ बाभळीची की शिसवाची तेवढं कळवावं. भाव मी करणार नाही, त्यानेही फोनवरून करू नये.