मन उडालेला प्रेक्षक परत आला तेव्हा

मालिकेवरून प्रेक्षकाचे मन उडते, ही काही आजची तक्रार नाही. आपल्याकडची पहिली मोठी कौटुंबिक मालिका ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि पहिल्या तेरा भागांतच लोक तिला कंटाळले. आज वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत तिची आठवण निघते ती अफाट लोकप्रियतेसाठी. सुरुवातीच्या नाराजीचा उल्लेख क्वचितच होतो. मला मात्र या मालिकेच्या इतिहासात तेच प्रकरण सर्वांत मोलाचे वाटते. प्रेक्षक रुसला, का रुसला हे करणाऱ्यांनी समजून घेतले, मालिका चालू असतानाच बदलली आणि तोच प्रेक्षक दुप्पट उत्साहाने परतला. त्यानंतरच्या चार दशकांत हे असे कितीदा घडले?

या मालिकेचा जन्मच मुळी प्रबोधनासाठी झाला होता. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी सत्तरच्या दशकात प्रौढ साक्षरता आणि कुटुंबनियोजन हे विषय घेऊन टेलिव्हिजन मालिका केल्या होत्या आणि त्या गाजल्याही होत्या. वर्ध्याचे खासदार वसंत साठे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. १९८२ मध्ये ते मेक्सिकोला गेले आणि तिथून ही कल्पना घेऊन आले. मंत्रालयाचे सचिव एस. एस. गिल यांनी पुढे ती तडीस नेली. लेखनासाठी हिंदीतले कादंबरीकार मनोहर श्याम जोशी आले, दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांच्याकडे गेले आणि खर्चाला मॅगी नूडल्सचे प्रायोजकत्व मिळाले. उपग्रह आला होता, गावोगावी प्रक्षेपण केंद्रे उभी राहत होती. सरकारला देशाशी बोलायचे होते आणि बोलायचा विषय ठरलेला होता: लहान कुटुंब.

फसगत झाली ती इथेच. बसेसरराम हा दारूच्या आहारी गेलेला बाप, भागवंती ही दिवसभर राबून वर बोलणी खाणारी आई, घरात आजी-आजोबा आणि पाच मुले. नोकरी शोधून थकलेला लल्लू, क्रिकेटवेडा नन्हे, लग्न जमत नाही म्हणून घरात ओझे ठरवली गेलेली बडकी, सिनेमात जायची स्वप्ने पाहणारी मझली, डॉक्टर व्हायचे म्हणणारी छुटकी. यातला एकेक माणूस घरोघरी ओळखीचा होता. पण त्यांच्या जगण्यावर कुटुंबनियोजनाचा संदेश इतका जाड थापला गेला की माणसे दिसेनाशी झाली. दिवसभर काम करून घरी आलेल्या माणसाने पडद्यासमोर बसावे आणि त्याला उपदेशाचा डोस पाजला जावा, हे कोण सहन करील?

तेरा भागांनंतर जोशींनी कथानकाला वळण दिले. कुटुंबनियोजनाचा सूर खाली आला. घरातल्या बाईचे स्थान, हुंडा, व्यसन, भावंडांतली ओढाताण हे प्रश्न पात्रांच्या वागण्यातून येऊ लागले. बोध करायला भागाच्या शेवटी अर्धाएक मिनिट अशोककुमार होतेच. मोठ्या भावाच्या मायेने ते दोन शब्द बोलत आणि ‘हम लोग’ हे नाव निरनिराळ्या भारतीय भाषांत उच्चारून निरोप घेत. उपदेश तोच, पण आता तो ओळखीच्या माणसाच्या तोंडून, कथेच्या बाहेर राहून येत होता. पात्रांना श्वास घ्यायला जागा मिळाली आणि लोक परतले. मालिका डिसेंबर १९८५ पर्यंत चालली, दीडशेहून अधिक भाग झाले. या काळात सुमारे चार लाख पत्रे आली. बडकीने काय करावे, लल्लूने कुणाचे ऐकावे, हे लोक कळवत होते.

पत्रांचे सगळेच ऐकावे असे मी म्हणणार नाही. आजीला कर्करोग झाला तेव्हा ती इतकी लाडकी झाली होती की लोकाग्रहास्तव तिचे आयुष्य लांबवले गेले. लाडक्या पात्रासाठी कथा लांबवायची सवय आपल्या मालिकांना पुढे किती महागात पडली, हे आपण जाणतोच. भागवंतीच्या बाबतीत तर उलटेच झाले. निमूट सोसण्याने बाईचे काय होते ते दाखवण्यासाठी रचलेली ही बाई अनेक प्रेक्षकांना आदर्श गृहिणी वाटली. तरीही त्या पत्रांत एक गोष्ट होती जी कुठल्याही टक्केवारीत मावत नाही: कारण. माणूस का रागावला, का रडला, कुठे त्याला पटले नाही, हे त्यात त्याच्याच शब्दांत लिहिलेले होते.

आज वाहिन्यांच्या हाती दर आठवड्याला टीआरपी येतो. किती जण गेले ते त्यात कळते, का गेले ते कळत नाही. मग उत्तर ठरलेले: नवी खलनायिका, अपघात, स्मृतिभ्रंश, सात वर्षांची उडी. मालिकेत पाणी घातले जाते आणि गेलेला प्रेक्षक जातो तो जातोच. दोष लेखकांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. सकाळी प्रसंग लिहायचा, दुपारी चित्रीकरण, एक-दोन दिवसांत प्रक्षेपण, अशा घाईत मागे वळून बघायला उसंत कुणाला आहे?

२८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखवले गेले तेव्हा प्रेक्षक दूरदर्शनकडे परतल्याचा मोठा गाजावाजा झाला. तो आनंद खरा होता, पण ते परतणे वेगळे. तिथे लोक आपल्या जुन्या घरी काही दिवस राहून आले. ‘हम लोग’कडे परतलेल्याला चालू कथेत आपले ऐकले गेल्याचे दिसत होते.

मराठी वाहिन्यांना हे जमणार नाही असे मानायचे कारण नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ‘करमणूक’मधून क्रमशः आली, तेव्हापासून भागाभागाने गोष्ट वाचण्याची सवय मराठी घरांना आहे. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांचा संच मंजूर होई. तो संपला की थांबून हिशेब करावाच लागे. दैनंदिन मालिकांनीही दर तीन महिन्यांनी एक आठवडा प्रक्षेपण थांबवावे. त्या आठवड्यात लेखक, दिग्दर्शक आणि निर्माता यांनी एकत्र बसून, मालिका सोडून गेलेल्यांपैकी काही प्रेक्षकांशी बोलावे. जाहिरातीचा आठवडा बुडेल. तो बुडू द्यावा.