बाटलीतलं मायलेज

गाडी सर्व्हिसिंगला दिली की हमखास प्रश्न येतो, "सर, इंजिन कोटिंग करून घेऊ? मायलेज वाढतं." टेस्टिंगशिवाय एक ओळ कोड रिलीज न करणारे आपण इथे मुकाट मान डोलावतो!

अहो, आपल्या शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात. २०१७ पासून तर देशात कार कंपन्यांवर सरासरी इंधनवापराचं बंधन आहे. बाटलीभर द्रावणाने दहा टक्के मिळत असते तर त्यांनी ते कारखान्यातच नसतं का ओतलं?

टेफ्लॉनचं तर विचारूच नका. तव्यावर त्याचा थर बसवायला तीनशे अंशांच्या वरची भट्टी लागते, इंजिन ऑइल असतं शंभर-सव्वाशेच्या आसपास. बसणार कसं? अमेरिकेत 'स्लिक ५०'वाल्यांना असल्याच दाव्यांवरून १९९६ मध्ये सरकारने धरलं होतं. शिवाय चांगल्या ऑइलमध्ये डिटर्जंट, झीज रोखणारं झिंकचं संयुग वगैरे मोजूनमापून घातलेलं असतंच. त्यात आणखी ओतणं म्हणजे झालेल्या आमटीत पुन्हा मीठ.

कोटिंग हे थोतांड नाही हं. पिस्टन रिंगवर क्रोमचे, मॉलिब्डेनमचे थर असतात, पण ते रिंग बनतानाच चढतात.

तेव्हा पुढच्या वेळी विचारा, चाचणी कुठे केली? पुण्यात एआरएआय १९६६ पासून आहे, तिथला रिपोर्ट दाखव म्हणावं. आणि हो, टायरमधली हवा तेवढी तपासून घ्या. ती बहुतेक ठिकाणी फुकट आहे.